काशीतील मंदी आणि रुपयाची हुंडणावळ

काशी म्हटली की मराठी मनापुढे गंगेचे घाट उभे राहतात, विश्वेश्वराचे शिखर दिसते, अहिल्याबाईंचे नाव आठवते. लग्नघरात मात्र या नगरीचे नाव आणखी एका निमित्ताने निघते, आणि ते म्हणजे शालू. नवरीच्या अंगावरचा बनारसी शालू ही महाराष्ट्रातल्या सुखवस्तू घरांची जुनी हौस. त्या शालूचे रेशीम पुष्कळदा चीनमधून आलेले असे, जरीची चांदी सातासमुद्रांपलीकडून आलेली असे, ते विणणारा मदनपुऱ्याचा किंवा अलईपुऱ्याचा विणकर कोठीवाल्याच्या उचलीवर जगत असे, आणि तो विकत घेणारा वऱ्हाडातला कास्तकार आपल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात काय भाव आला यावर लग्नाचा खर्च ठरवीत असे. शंकराच्या त्रिशूळावर वसलेली, म्हणून जगाच्या उलथापालथीपासून अलिप्त, अशी जिची ख्याती, ती नगरी व्यवहारात मात्र अशी जगभरच्या बाजारांना जखडलेली होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ही गोष्ट काशीला फार कठोरपणे कळून आली.

पैशाचा व्यवहार काशीला नवा नव्हता. पेशवाईत यात्रेला निघालेला गृहस्थ रोकड बरोबर न बाळगता पुण्याच्या सावकाराकडून काशीवरची हुंडी करून घेई आणि तिथल्या पेढीवर ती वटवी. या हुंडीसाठी जो बट्टा द्यावा लागे त्याला हुंडणावळ म्हणत. पुढे इंग्रजी अमलात रुपया आणि पौंड यांच्यातल्या विनिमयाच्या दरालाही मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द लावला. शब्द जुना, ओळखीचा. पण त्याने दाखविलेली वस्तू आता सावकाराच्या हातात राहिली नव्हती. ती लंडनमध्ये ठरत होती.

हा दर कसा ठरला हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने १९२६ साली रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स असावी असा निर्णय दिला. आयोगाचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. दोन पेन्सचा हा वाद वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण रुपया जितका महाग, तितके परदेशात माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात रुपये कमी पडणार आणि परदेशी माल तितकाच स्वस्त होऊन येणार, हे त्यातले मर्म होते. याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. रुपयाचे सोन्याशी किंवा पौंडाशी नाते काय, यापेक्षा बाजारात त्या रुपयाला किती जिन्नस मिळतो याची स्थिरता अधिक महत्त्वाची, असे प्रतिपादन त्यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात केलेले होते. त्या विचाराची कसोटी पाहणारा काळ इतक्या लवकर येईल असे मात्र तेव्हा कोणाला वाटले नसावे. १९२७ साली कायदा झाला आणि १ शिलिंग ६ पेन्स हा दर पक्का झाला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. शेतमालाचे भाव त्याआधीपासूनच खचत होते. आता ते गडगडले. १९१४ च्या जुलैतील भाव शंभर धरले तर कलकत्त्याच्या घाऊक बाजारातील भावांचा निर्देशांक १९२९ साली १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. देशातून बाहेर जाणाऱ्या मालाची किंमत तीन वर्षांत निम्म्याहूनही खाली उतरली. गहू, कापूस, ताग, तेलबिया यांपैकी काहीही सुटले नाही.

अशा वेळी सरकार काय करू शकते? पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. जपानने १९३१ च्या डिसेंबरात येनचे सोन्याशी असलेले नाते तोडून त्याची किंमत घसरू दिली. इंग्लंडने १९३२ च्या जूनपर्यंत बँकेचा व्याजदर दोन टक्क्यांवर आणला. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये लोकांजवळचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम काढून डॉलरची किंमत उतरविली. हिंदुस्थान सरकारला मात्र यांतले काहीच मोकळेपणाने करता येत नव्हते. पेन्शनी, कर्जावरील व्याज, लष्करी खर्च यांसाठी दरसाल तीन कोटी पौंडांच्या आसपास रक्कम लंडनला पोचवावी लागे. रुपया घसरला तर तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये उभे करावे लागणार, अंदाजपत्रक कोसळणार, आणि हिंदुस्थानच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतविलेले लंडनचे धनको घाबरणार. म्हणून निर्यात आटत असतानाही दर टिकवायचा, आणि तो टिकविण्यासाठी बाजारातला पैसा आखडता घ्यायचा, हे धोरण चालू राहिले. १९३१ मध्ये इंपीरियल बँकेचा व्याजदर आठ टक्क्यांपर्यंत चढला. भाव कोसळत असताना व्याज महाग करणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला उपाशी ठेवून वर घोंगडी पांघरण्यासारखे झाले. २००८ सालच्या जागतिक अरिष्टात भारतीय रिझर्व्ह बँकेने काही महिन्यांत रेपो दर नऊ टक्क्यांवरून पावणेपाच टक्क्यांपर्यंत उतरविला आणि डॉलरची किंमत सुमारे ३९ रुपयांवरून पन्नासाच्या पुढे जाऊ दिली. हे दोन्ही उपाय १९३१ च्या सिमल्याला ठाऊक नव्हते असे नाही; ते हाती घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

या अधिकाराचा प्रश्न एकाच दिवशी उघडा पडला. २१ सप्टेंबर १९३१, सोमवार. त्या दिवशी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. सिमल्याला मध्यवर्ती विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी वटहुकूम काढून, सोने किंवा स्टर्लिंग विकण्याच्या बंधनातून सरकारला मोकळे केले. अर्थखात्याचे सभासद सर जॉर्ज शुस्टर यांच्या निवेदनावरून रुपया आता आपली वाट आपण शोधील असा अर्थ निघत होता. त्याच दिवशी लंडनमध्ये, गोलमेज परिषदेच्या समितीपुढे, भारतमंत्री सर सॅम्युएल होर यांनी रुपया पूर्वीच्याच दराने स्टर्लिंगला बांधलेला राहील असे जाहीर केले. त्या परिषदेसाठी गांधीजी तेव्हा लंडनमध्येच होते. हिंदुस्थानात बँका तीन दिवस बंद राहिल्या. २४ तारखेला नवा वटहुकूम निघाला आणि रुपया १ शिलिंग ६ पेन्सला पुन्हा जखडला गेला. लंडनचे म्हणणे खरे ठरले. सिमल्याच्या अधिकाऱ्यांना हे मनापासून पटले नव्हते, आणि शुस्टर हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. पण धोरण ठरविणारा एक आणि त्याचे परिणाम निस्तरणारा दुसरा अशी ती व्यवस्थाच होती.

आता या दराने जे घडवून आणले ते कोणत्याही वटहुकुमात लिहिलेले नव्हते. पौंड सोन्यापासून सुटून घसरला, त्याच्याबरोबर रुपयाही घसरला, आणि सोन्याची रुपयांतली किंमत वर चढली. १९२७ च्या कायद्याने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ही सरकारी खरेदीची किंमत ठरविली होती. १९३१ संपता संपता तोच तोळा तीस रुपयांच्या जवळ जाऊन पोचला. सारा, खंड, व्याज या सर्व देण्यांसाठी रोख रुपया हवा आणि शेतमालाला तर गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत घराघरांतल्या बायकांच्या अंगावरचे सोने सराफाच्या काट्यावर आले. हंसुली, बाजूबंद, नथी, पाटल्या वितळून त्यांच्या लगडी झाल्या. गावच्या सराफाकडून शहराच्या सराफाकडे, तेथून मुंबईच्या झवेरी बाजारात, आणि तेथून आगबोटीने लंडनला असा तो प्रवाह वाहू लागला. १९३१-३२ या वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे आणि पुढच्या वर्षी सुमारे ६५ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले.

सोन्याच्या निर्यातीवर बंदी घालावी अशी मागणी देशातल्या व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी जोराने केली. सरकारने ती मानली नाही. हौसेने साठविलेले धन लोक चढ्या भावाने विकून नफा कमावीत आहेत, त्यांना का अडवावे, हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. विसाच्या घरात घेतलेला तोळा तिसाला विकणारे होतेच, आणि अडल्या वेळी त्या पैशाने कित्येक घरांची चूल पेटती राहिली हेही खरे. पण चढ्या भावाची वाट पाहण्याइतकी ऐपत कोणाची होती? ज्याला १९३० च्या रबीनंतर लगेच खंड भरावा लागला, त्याचे सोने जुन्या भावानेच गेले होते किंवा महाजनाकडे गहाण पडले होते. पुढचा नफा झाला तो त्या महाजनाचा. सरकारच्या दृष्टीने मात्र या सोन्याने मोठेच काम केले. निर्यात घटल्यामुळे लंडनची देणी फेडण्यात जी तूट पडत होती ती भरून निघाली, आणि १ शिलिंग ६ पेन्सचा दर शाबूत राहिला.

काशीच्या विणकराकडे विकायला सोने नव्हतेच. होती ती जर. तिचीही कथा ऐकण्यासारखी आहे. अंदाजपत्रकाची तूट भरून काढण्यासाठी सरकारने १९३० च्या मार्चमध्ये परदेशी चांदीवर औंसामागे चार आणे कर बसविला. पुढच्या वर्षी तो सहा आणे झाला आणि १९३१ च्या सप्टेंबरात साडेसात आणे. जगाच्या बाजारात चांदी स्वस्त होत होती, पण काशीच्या कलाबतूवाल्याला तो स्वस्तपणा पुरता लाभू दिला गेला नाही. रेशमाचे याहून विचित्र झाले. न्यूयॉर्कच्या धनिक स्त्रियांनी रेशमी मोजे घेणे कमी केले तेव्हा जपानी व चिनी रेशमाचे भाव कोसळले, आणि ते रेशीम मिळेल त्या भावाने हिंदुस्थानात येऊ लागले. त्याच्याबरोबर स्वस्त जपानी कापड आणि कृत्रिम रेशीमही आले. म्हैसूर आणि बंगालमधल्या कोसले पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. त्यांच्यासाठी संरक्षक जकातीची चौकशी झाली, आणि १९३४ च्या कायद्याने परदेशी कच्च्या रेशमावर २५ टक्के व त्यावर पौंडामागे १४ आणे असा कर बसला. म्हैसूरच्या शेतकऱ्याला यात आधार होता. काशीच्या हातमागाला मात्र तो कच्च्या मालावरचा भुर्दंड होता. एकाच देशातल्या दोन गरिबांपैकी कोणाला तारावे हा प्रश्न जकातीच्या तक्त्यात असा लपून बसलेला असतो.

जकातीचा दुसरा तक्ता कापसाच्या कापडाचा. १९३० च्या कायद्याने इंग्लंडच्या कापडावर १५ टक्के आणि इतर देशांच्या कापडावर २० टक्के जकात ठरली. देशी गिरण्यांना संरक्षण देताना मँचेस्टरला हळूच आपल्या पंखाखाली घेण्याची ही युक्ती होती. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांनी साम्राज्याच्या मालाला दिलेल्या या झुकत्या मापाविरुद्ध विधिमंडळाच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. पुढे १९३२ च्या ओटावा करारात तेच तत्त्व अधिक विस्ताराने आले, आणि जपानी कापडावरची जकात १९३३ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत चढली.

बाजार असा आटलेला असताना काशीतली माणसेही एकमेकांपासून दुरावली. परदेशी कापडावरचा बहिष्कार तेव्हा भरात होता. १९३१ च्या फेब्रुवारीत परदेशी कापडाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची हत्या झाली आणि शहरात हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला. विणकर बहुतांशी मुसलमान, कोठीवाले बहुतांशी हिंदू; एकाच शालूच्या ताण्याबाण्यात गुंतलेले हे दोन समाज. या दंग्याचे सारे खापर मंदीवर फोडणे बरोबर होणार नाही, पण रिकामे माग आणि बंद कोठ्या यांच्यामधल्या गल्लीत शांतता टिकविणे अवघड असते, एवढे म्हणता येईल.

सप्टेंबर १९३१ च्या अखेरीस शुस्टर यांनी पुरवणी अंदाजपत्रक मांडले. मिठासह चालू करांवर २५ टक्के अधिभार, प्राप्तिकराची मर्यादा दोन हजारांवरून एक हजारावर, सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात. विधिमंडळाने ते नाकारले, तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात ते कायम केले. पोस्टकार्डही अर्ध्या आण्यावरून पाऊण आण्यावर गेले. काशीवास करून राहिलेल्या वृद्धांचा देशावरच्या आपल्या लेकरांशी संबंध एका कार्डापुरताच उरलेला असे. त्यांना साम्राज्याचे अर्थकारण कळले ते या पाव आण्याने. निश्चित रकमेची मनिऑर्डर येणाऱ्या अशा माणसांना स्वस्त धान्याचा फायदाही झाला हे विसरता येत नाही. मात्र मनिऑर्डर पाठविणाऱ्याचे उत्पन्नच आटले की हा फायदा एकदोन महिन्यांचा ठरे.

शहराबाहेर, खेड्यांतून, मंदीचे रूप अधिक उघडे होते. काशी प्रांतात कायमधारा पद्धत होती. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले जोनाथन डंकन काशीला रेसिडेंट असताना त्यांनी केलेली व्यवस्था १७९५ मध्ये कायम झाली होती. जमीनदाराने सरकारला द्यावयाचा सारा तिने बांधून टाकला. कुळाने जमीनदाराला द्यावयाचा खंड मात्र बांधला गेला नाही. तो तेजीच्या काळात वाढत गेला, आणि मंदीत उतरायला तयार नव्हता. ज्या खंडासाठी पूर्वी वीस मण गहू विकावा लागे त्यासाठी आता चाळीस मण विकावा लागू लागला. १९३० च्या ऑक्टोबरात शेजारच्या अलाहाबाद जिल्ह्यात जवाहरलाल नेहरूंनी करबंदीची हाक दिली. गांधी-आयर्विन करारानंतर ती थांबली, १९३१ च्या डिसेंबरात पुन्हा उठली. प्रांतिक सरकारने वटहुकूम काढला आणि २६ डिसेंबरला नेहरूंना पकडले. याच सरकारने दुसऱ्या हाताने सूटही दिली होती. भाव १९०१ सालच्या पातळीवर उतरले आहेत तर खंडही त्या सुमारास आणावा, हे तत्त्व गव्हर्नर सर माल्कम हेली यांच्या कारकिर्दीत मान्य झाले आणि प्रांतभर सुमारे चार कोटी रुपयांचा खंड सुटला. १९३४ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी आणि गहाणात बुडालेल्या जमीनदारांसाठी वेगवेगळे कायदे झाले. मंदीच्या काळात केलेल्या उपायांपैकी सामान्य माणसापर्यंत खरोखर पोचलेला उपाय हाच. आणि तो सिमल्याच्या शहाणपणातून नव्हे, तर खंड न भरणाऱ्या कुळांच्या धास्तीतून निघाला, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे.

काशीजवळच्या लमही गावचे प्रेमचंद यांनी हा काळ जवळून पाहिला. १९३० मध्ये त्यांनी काशीहून ‘हंस’ मासिक सुरू केले. छापखाना आणि नियतकालिके यांचे कर्ज डोईजड झाले तेव्हा १९३४ साली त्यांना मुंबईच्या चित्रपटकंपनीत लेखकाची नोकरी पत्करावी लागली. ती त्यांना मानवली नाही आणि पुढच्याच वर्षी ते परतले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘गोदान’ कादंबरीतला होरी कर्ज, खंड आणि व्याज यांत बुडून मरतो. हुंडणावळ हा शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो.

आणि हा शब्द ज्यांना चांगला ठाऊक होता त्यांत काशीतलीच दोन मराठी माणसे होती. पहिले बाबूराव विष्णू पराडकर. १८८३ साली काशीत जन्मलेले हे गृहस्थ ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून उत्तर हिंदुस्थानात गाजले. ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथात इंग्रजी राज्याने चालविलेल्या आर्थिक शोषणाचा हिशेब मांडणारे सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. त्या ग्रंथाचे हिंदी रूपांतर पराडकरांनीच केले होते. दादाभाईंचा संपत्तिवहनाचा सिद्धांत असा महाराष्ट्रातल्या एका घराण्यातून बंगालीत आणि बंगालीतून काशीच्या हिंदीत आला. सविनय कायदेभंगाच्या काळात वृत्तपत्रांवर गदा आली तेव्हा काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले. त्यामागेही पराडकरांची लेखणी होती. हिंदीत आज रूढ असलेल्या कित्येक शब्दांचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते, आणि चलनवाढीसाठीचा ‘मुद्रास्फीति’ हा शब्द त्यांपैकीच एक.

दुसरे अच्युतराव पटवर्धन. अहमदनगरहून येऊन काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात शिकलेला हा तरुण मंदीच्या त्या वर्षांत तेथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. वर्गात चलनाचे आणि किंमतींचे सिद्धांत शिकवायचे, आणि वर्गाबाहेर काय चालले आहे ते पाहायचे, हे त्याला फार काळ जमले नाही. १९३२ मध्ये नोकरी सोडून तो चळवळीत शिरला. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण आदी सोबत्यांशी झालेल्या चर्चांतून जो विचार तयार झाला, त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्या पक्षाच्या पाटण्याच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव होते. तेही काशी विद्यापीठातले.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले. देशाला आपली मध्यवर्ती बँक मिळाली, पण तिच्या कायद्यातच १ शिलिंग ६ पेन्सच्या आसपास स्टर्लिंग घेण्या-देण्याचे बंधन घातलेले होते. मंदी ओसरली, महायुद्ध आले आणि गेले, सत्ता बदलली. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर उतरला आणि पौंडाशी त्याचे गणित होते तेच राहिले. ते बदलले ६ जून १९६६ रोजी. पराडकर तेव्हा हयात नव्हते. अच्युतराव राजकारण सोडून काशीला गंगेकाठी राजघाटावर येऊन राहिले होते.